गोरड सर आणि लांबचा चेंडू

शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचा टेम्पो आला, की गोरड सर हातातलं काम टाकून बाहेर यायचे. तांदूळ उतरवून घेणं त्यांच्याकडे नव्हतं. ते यायचे हमालांना बघायला. दोघे हमाल पोत्याची टोकं धरून त्याला झोका देत आणि वरांड्यात टाकत. सर तेवढ्यात मुलींना रांगेत उभं करून सांगायला लागायचे, "बगा नीट. पोतं कोण फेकतंय? हात? हात नुसतं धरून हायत. आदी कंबर वळली, मग खांदा, मग हात. कंबर आदी, हात मागनं!" हमालांना सुरुवातीला वाटलं, सर आपली टिंगल करतायत. पुढे पुढे ते सरांच्या धाकानं नीट झोका द्यायला लागले. त्यातला एकजण मला म्हणाला, की मॅडम, तवापासनं माझी पाठ दुखायची राहिली.

आमची शाळा माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. मी सांगलीची. गणित शिकवायला इथे आले तेव्हा घरी सांगून आले होते, की दोन वर्षांत संस्थेच्या सांगलीजवळच्या एखाद्या शाळेत बदली करून घेते. अकरा वर्षं राहिले. का राहिलात असं कुणी विचारलं तर मी आजही हवापाण्याचं नाव पुढे करते, पण माणची हवा आणि माणचं पाणी ज्यांनी बघितलंय ते हसतात. खरं कारण गोरड सर होते, असं म्हटलं तरी चालेल.

सर शारीरिक शिक्षण शिकवत. उंच, वाळलेले, रापलेले. पांढऱ्या पँटची इस्त्री कधी मोडलेली मी पाहिली नाही, आणि गळ्यातली शिट्टी ते लग्नालाही घालून जात. वडील मेंढरं राखायचे, स्वतः सरांनीही नववीपर्यंत कळपामागं अर्धा जिल्हा तुडवलेला. बोलणं ठाम. एकदा बोलले की बोलले. त्यांचं एक वाक्य शाळेत प्रसिद्ध होतं, "सर चुकत न्हाईत, चेंडू चुकतो." हे ते विनोदानं म्हणत नसत, यातच सगळी गंमत होती.

अशा या माणसानं आमच्या शाळेत बेसबॉल आणला. कारण अगदी व्यवहारी होतं. कबड्डीला आणि खो-खोला तालुक्यातच इतकी झुंबड, की आमच्या मुली पहिल्या फेरीत घरी. बेसबॉलला तालुक्यात संघच नव्हते, त्यामुळे नाव दिलं की सरळ जिल्हा, आणि जिल्ह्यात चांगलं खेळलं तर दहावीला वाढीव गुण. पहिल्या वर्षी जिल्ह्याला दोनच शाळा आल्या आणि आमच्या मुली एकही धाव न काढता उपविजेत्या ठरल्या. सरांनी गावात मिरवणूक काढली. सरपंचांनी भाषणात हा खेळ 'आपल्या मातीतला' असल्याचं सांगितलं, आणि सरांनी मान डोलावली.

खरं तर सरांनी बेसबॉलचा एकही सामना प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. ते शिकले मोबाईलवरच्या एका व्हिडिओवरून. परदेशातला कुणी धिप्पाड खेळाडू समोर उभा राहून बॅट कशी फिरवायची ते दाखवतो, भाषा सरांना कळायची नाही, म्हणून आवाज बंद. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचे आणि समोर उभं राहून तो जसा दिसतो तसं करायचे. त्यानं इकडचा पाय उचलला की यांनीही समोरून बघत त्याच बाजूचा पाय उचलायचा. असं त्यांनी अख्खी दिवाळीची सुट्टी केलं. "फराळ राहिला, पर बॅट आली," असं वहिनी म्हणायच्या. वहिनी म्हणजे त्यांच्या बायको. सरांचं कौतुक आणि तक्रार त्या एकाच आवाजात करत.

मैदान म्हणजे शाळेमागचं माळरान. सराव सुरू व्हायचा तो दगड वेचण्यानं. घरचा टप्पा, म्हणजे फलंदाज जिथे उभी राहते आणि धाव पुरी करायला जिथे परत यायचं असतं, त्याला सर 'पाट' म्हणत. फळीवर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा ठोकून पाट तयार केलेला, आणि नेमका त्या तुकड्यावर पुढाऱ्याचे जोडलेले हात आलेले. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यालाही आयोजकांकडे पाट नव्हता म्हणून आमचाच वापरला. आमची एक मुलगी सगळे टप्पे पळून आली आणि त्या हातांवर पाय कसा द्यायचा म्हणून पाटावरून उडी मारून पलीकडे गेली. धाव गेली. सामनाही त्या एका धावेनं गेला. सर तिला काही बोलले नाहीत, मला मात्र म्हणाले, "संस्कार नडलं, मॅडम."

पण शिकवायचे कसं, ते सांगायला हवं. माळावर दोन बाभळींमध्ये त्यांनी एक तार ओढली होती आणि तिला पाच जुने मोजे लोंबत ठेवले होते, प्रत्येकात एक चेंडू. उंची वेगळी, अंतर वेगळं. पाचांना पाच नावं. अंगावरचा, मधला, लांबचा, ढोपराचा आणि गळ्याचा. मुलीनं पाटाशी उभं राहायचं, सर नाव पुकारणार, आणि त्या मोज्याला बॅट लागली पाहिजे. ताल चुकला की शिट्टी.

"अंगावरच्याला कोपर पोटाशी," सर सांगत. "एसटीत दोन जाड बायांच्या मदी बसल्यावर कसं आंग चोरता? तसं. हात लांब केला की बॅट बुडात लागणार आन् हाताला मुंग्या. कंबर चटशिरी उघडायची आन् चेंडूला पाटाच्या म्होरंच गाठायचं." ढोपराच्या चेंडूला पाठीतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं, भरलेली घागर उचलताना कशा बसता, तशा. आमच्या मुलींना हे दोनदा सांगावं लागत नसे. घागरी त्या बालवाडीपासून उचलत होत्या. गळ्याचा चेंडू दिसायला सोपा, डोळ्यांसमोरच येतो, म्हणून मोह होतो. तर मोहात पडायचं नाही, आणि पडलंच तर हात चेंडूच्या वर ठेवायचे, नाहीतर आभाळात झेल. मधल्याबद्दल ते काहीच सांगत नसत. "मदला काय, कुणीबी मारतंय."

सरांचा जीव होता लांबच्या चेंडूवर. पाटाच्या पलीकडच्या कडेनं, हाताच्या टप्प्याच्या शेवटाला जाणारा. नवी मुलगी तो दिसला की त्याच्यावर झेप घ्यायची, बॅट लवकर आणायची आणि आपल्या बाजूला ओढायला बघायची. चेंडू मातीत घरंगळायचा. सर शिट्टी तोंडातून काढून म्हणायचे, "लांबचा चेंडू ओढायचा न्हाई! मेंढरू बिचकून लांब गेलं तर त्याच्यामागं पळता व्हय? पळाला तर कळप फुटतो. थांबायचं. त्याला येऊ द्यायचं, पार पाटाच्या मागल्या कडंपतूर. आन् मग त्याला जिकडं जायाचंय तिकडंच धाडायचं, पलीकडच्या अंगाला. त्याच्या मनाइरुद्द न्हाई."

मी गणिताची. एकदा वहीवर कोन काढून बघितले. बॅट आणि चेंडू जिथे भेटतात ती जागा अंगावरच्याला पुढे, लांबच्याला मागे, हे सगळं बरोबर येत होतं. सरांना आकृती दाखवली. त्यांनी ती लांब धरून पाहिली आणि म्हणाले, "हे माझ्या बापाला म्हाईत हुतं, निस्ती आकृती न्हवती."

गंमत अशी, की मुलींना वाट बघायला शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःला क्षणभर वाट बघणं जमत नसे. दहाची एसटी असली की नऊलाच स्टँडवर. लग्नात पहिली पंगत. चहा उतू जाण्याआधीच उतरवायचे, त्यामुळे त्यांच्याकडचा चहा कायम पाणचट. वहिनींचं म्हणणं असं, की ह्यांनी आयुष्यभर सगळे लांबचे चेंडू ओढलेच, म्हणून पोरींना तरी सांगतात.

मुलग्यांचा संघ त्यांना कधी जमला नाही. मुलगे क्रिकेट खेळून आलेले, बॅट हातात घेतली की आपल्या सवयीनं उभे. सरांनी सांगितलेली उभं राहायची पद्धत त्यांना अवघडल्यासारखी वाटायची. सर म्हणायचे, "क्रिकेटनं पोरं नासली." मुलींनी मात्र आयुष्यात कसलीच बॅट धरलेली नव्हती. सरांनी जशी हातात दिली तशी त्यांनी घेतली, आणि बघता बघता संघ तयार झाला. जिल्ह्यात पहिला. मग विभागात, म्हणजे पाच-सहा जिल्ह्यांत, उपांत्य फेरी. समोरच्या संघाच्या चेंडू टाकणाऱ्या मुली आमच्या मुलींपुढे गोंधळून जात. चेंडू कुठे टाकावा हेच त्यांना समजायचं नाही. सर याचं श्रेय मोज्यांना देत. आम्हीही दिलं.

सरांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा विभागाच्या स्पर्धा सांगलीला आल्या. सरांची एकच इच्छा होती, एकदा संघ राज्याला न्यायचा. त्यासाठी विभाग जिंकायला हवा. ते हे कुणाला बोलून दाखवत नसत, पण निघायच्या आदल्या दिवशी औंधला जाऊन यमाईला नारळ देऊन आले, आणि आम्हाला सांगितलं, बँकेत काम होतं. मुलींबरोबर बाई हवीच असते, म्हणून मी. विटा-तासगाव करत सांगलीला पोचलो. मला माहेरी आल्याचा आनंद, सरांना एसटी वीस मिनिटं उशिरा आल्याचा राग.

उपांत्य सामना आम्ही दुपारी आरामात जिंकला. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी सकाळी. मुली उड्या मारत होत्या. तेवढ्यात स्पर्धेसाठी आलेले एक प्रशिक्षक आमच्याकडे आले. ट्रॅकसूट, काळा चष्मा, बोलायला अगदी सज्जन माणूस. सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, कमाल आहे तुमची. पण एक विचारू? एका गावात सगळ्याच मुली डावखुऱ्या कशा मिळाल्या?"

सरांनी शिट्टी चाचपली. मग म्हणाले, "आमच्याकडल्या पान्यातच हाय ते."

प्रशिक्षक हसले आणि गेले. सर हसले नाहीत. संध्याकाळी पाच-साडेपाचला, आम्ही उतरलो होतो त्या शाळेच्या पायरीवर, त्यांनी माझ्याकडे फोन मागितला. तोच जुना व्हिडिओ लावला. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला आणि नेहमीसारखे समोर उभे राहिले. मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, ते वळले. फोनकडे पाठ करून, तो खेळाडू ज्या दिशेला तोंड करून उभा होता त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले, आणि मान मागे वळवून बघितलं. त्याचा डावा पाय पुढे होता. यांचा उजवा.

"मॅडम," ते पायरीवर बसत म्हणाले, "आरशात बगून मानूस भांग पाडतो, तसं शिकलो मी. सा वर्सं पोरींना आरशातलं शिकीवलं."

 दरवर्षी सातवीला मी आरशातलं प्रतिबिंब शिकवते, डावं-उजवं बदलतं हे फळ्यावर काढून दाखवते, आणि त्याच वर्गाच्या खिडकीतून सहा वर्षं माळावर नऊ-नऊ मुली एकाच बाजूनं उभ्या राहिलेल्या बघते. कधी मनात आलं नाही. मी म्हटलं, "सर, उलटं असलं तरी चालतंय की. नियमात बसतं. आणि बघा ना, समोरच्यांना आपल्याला चेंडू टाकता येत नाही."

"म्हंजी पोरी चांगल्या म्हणून न्हाई, समोरचे गोंधळले म्हणून जितलो."

 इतका खचलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सकाळी पोहे वाटून झाल्यावर सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये गोल बसवलं. शिट्टी गळ्यात नव्हती. म्हणाले, "पोरींनो, एक सांगायचं हाय. मी चुकलो. तुमाला मी उलटं शिकीवलं. जगात बहुतेक मानसं उजव्या बाजूनं मारत्यात. तुमी डाव्या न्हाई, मी तुमाला डावं केलं." मग त्यांच्यातला तो वाट न बघणारा माणूस जागा झाला. "तर आज समद्यांनी सुलट हुबं ऱ्हायचं. आज खरं खेळायचं. हरलो तरी चालंल."

 त्यांचं सगळं आयुष्य ज्या एका सामन्यावर येऊन ठेपलं होतं, तो हा माणूस आपल्या प्रामाणिकपणानं पोह्यांच्या ताटाशेजारी बसून घालवायला निघाला होता.

संघाची कप्तान रेश्मा. तिच्या वडिलांचा कळप वर्षातले सहा महिने घाटाखाली असतो, आणि ती चुलतीकडे राहून शिकते. एरवी बोलेल तर शपथ. ती उठली, ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "न्हाई सर."

"न्हाई म्हंजी?"

"आमाला ठावं हाय. दोन वर्सं झाली. ताईच्या मोबाइलवर बगितलं हुतं."

बाकीच्या मुली खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे शोधायला लागल्या. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सर तिच्याकडे वळले. "मग बोलला का न्हाई गं?"

"तुमीच सांगता नव्हं, लांबचा चेंडू ओढायचा न्हाई. त्याला येऊ द्यायचा," रेश्मा म्हणाली. "आमी म्हटलं, सरांना कळंल तवा कळंल." मग थोडं थांबून, "आन् आमाला आता असंच येतंय सर. हे उलटं न्हाई. हे आमचं हाय."

 सरांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, आणि दुसऱ्या खिशातून शिट्टी काढून गळ्यात घातली. "पोहे संपवा," म्हणाले. "टाकून द्यायचे न्हाईत."

अंतिम सामन्यात समोरच्या संघानं आम्हाला नीट ओळखलं होतं. त्या प्रशिक्षकांनी त्यांना काही सांगितलं की त्यांच्या चेंडू टाकणाऱ्या मुलीलाच डोकं होतं, कोण जाणे. ती सगळे चेंडू लांबचे टाकत होती, एकजात पाटाच्या पलीकडच्या कडेनं. गोंधळ वगैरे काही नाही. आमच्या मुली कशाबशा तगल्या. शेवटच्या डावात धावा बरोबरीत, आमची एक मुलगी तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे घरापासून एकाच टप्प्यावर, आणि बॅट रेश्माच्या हातात. टप्प्यावरची ती मुलगी पाटावर आली की राज्य. रेश्मा बाद झाली तर डाव संपला.

दोन चेंडू हुकले. आता एकच संधी, तिसरा हुकला की बाद. मी सरांकडे बघितलं. ते बाकावर हाताची घडी घालून बसले होते. मी त्यांना एरवी सामना चालू असताना बसलेलं कधी पाहिलेलं नाही. ओरडले नाहीत, शिट्टीला हात लावला नाही. चेंडू सुटला, पुन्हा लांबचा. रेश्मा थांबली. इतकी थांबली की मला वाटलं ती मारायची विसरली. मग तिची कंबर वळली, हात मागनं आले, आणि चेंडू तिसऱ्या टप्प्यावरच्या खेळाडूच्या डोक्यावरून पलीकडच्या अंगाला गेला, त्याला जिकडं जायचं होतं तिकडंच. आमची मुलगी पळत आली. सांगलीचा पाट साधा पांढऱ्या रबराचा, त्यावर कुणाचे हात नव्हते, तरी खात्रीसाठी तिनं त्यावर दोन्ही पायांनी उडी मारली.

पाटाशी मुलींचा ढीग पडला. सर उठले नाहीत. मला म्हणाले, "बगितलं? तिनं थांबून मारला." एवढंच. हा विजय गोंधळलेल्या संघाविरुद्धचा नव्हता, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

राज्याला आम्ही पहिलाच सामना सपाटून हरलो. तिथे समोरच्या संघात तीन मुली जन्मजात डावखुऱ्या होत्या आणि त्यांना आमच्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. सरांनी तरीही मिरवणूक काढली. सरपंचांनी तेच भाषण केलं.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. माझी बदली आष्ट्याला झाली, आणि मला अखेर घर जवळ आलं. परवा दहिवडीला एका लग्नाला गेले होते, स्कूटर घेऊन परतताना वाट वाकडी करून सरांच्या वस्तीवर गेले. वहिनींनी चहा केला. सरांनी तो लवकर उतरवला. केस पांढरे झालेत, गळ्यात शिट्टी नाही, पण ती दाराच्या खिळ्याला लटकत होती. अंगणातल्या बाभळीला तार होती आणि तारेला मोजे. वस्तीवरच्या तीन-चार मुली येतात म्हणाले.

"कुठल्या बाजूनं शिकवता आता?" मी विचारलं.

"ज्या बाजूनं त्या हुब्या ऱ्हातील त्या," सर म्हणाले. "मी बोलतच न्हाई. वाट बगतो." वहिनी आतून हसल्या.

निघताना ते वस्तीच्या वाटेपर्यंत आले. मी स्कूटर सुरू केली, थोडं पुढे गेले आणि आरशात पाहिलं. सर अजून तिथंच होते. मी गेले असं समजून त्यांनी कुंपणाची एक काठी उचलली होती, आणि कुठल्यातरी न दिसणाऱ्या लांबच्या चेंडूची वाट बघत उभे होते. आरशात त्यांचा डावा पाय पुढे होता. अगदी बरोबर, व्हिडिओतल्या त्या माणसासारखे, सुलट.

मला हाक मारावीशी वाटली. वळून बघावंसंही वाटलं. पण वळले असते तर ते पुन्हा डावे झाले असते, म्हणून वळले नाही. आरशाकडे बघतच गाडी हळू चालवली, आणि त्यांनी काठी फिरवली तेव्हा कंबर आधी वळली.